जनावर कुठं, रानावर काय?

(सामुदायिक रेडिओवरील ‘गटाची गोष्ट’ या सदरातील भाषण)

धार काढून झाली असेल, चुलीवर भाकरी असेल, रेडिओ कट्ट्यावर असेल. कामं चालू ठेवा. कान फक्त इकडं द्या.

आज दोन साध्या प्रश्नांवर बोलायचं आहे. पहिला प्रश्न, आपलं जनावर कुठं आहे? दुसरा, आपल्या रानावर काय आहे? तुम्ही म्हणाल, ह्यात काय बोलायचं? गाय दावणीला आहे आणि रानात ज्वारी आहे. बरोबर. पण हेच दोन प्रश्न आज मोठमोठ्या संशोधन संस्थांत, शेतकी विद्यापीठांत आणि सरकारी कचेऱ्यांत विचारले जातात. त्यासाठी आकाशात उपग्रह फिरतात, गुरांच्या कानात बिल्ले बसतात, काही देशांत गळ्यात यंत्रं बांधतात. आणि त्या उत्तरांवर दुष्काळ ठरतो, छावणी ठरते, अनुदान ठरतं, विमा ठरतो. ज्या बाईला ही उत्तरं तोंडपाठ असतात, तिला मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा विषय आपल्या गटाचा आहे.

आधी रानाकडं बघू.

पान हिरवं का दिसतं, हे आपण शाळेत शिकलो. सूर्याच्या उजेडातला लाल भाग पान आपल्या अन्नासाठी पिऊन घेतं. पण उजेडात आणखी एक भाग असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्याला अवरक्त म्हणतात. तो भाग निरोगी पान आरशासारखा परत फेकतं. पीक सुकलं, की हे उलटं होऊ लागतं. लाल जास्त परत येतो, अवरक्त कमी. उपग्रहातला कॅमेरा हे दोन्ही मोजतो आणि त्यातून एक आकडा निघतो. उघडी जमीन असेल तर तो साधारण ०.१ ते ०.२ येतो. दाट हिरवं पीक असेल तर ०.६, ०.८ पर्यंत जातो. जमिनीवर पिकाची चादर किती, ते ह्या आकड्यावरून कळतं.

युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत. त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन. आपल्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ एक गुंठा! दर पाच दिवसांनी ते त्याच जागेवरून जातात. म्हणजे तुमच्या वीस गुंठ्यांच्या तुकड्याचे वीसेक ठिपके वर उमटत असतात. दुसरे काही उपग्रह रोज फिरतात, पण त्यांचा एक ठिपका अडीचशे मीटरचा, म्हणजे पंधरा एकरांहून थोडा जास्त. त्यात तुमचं रान, शेजाऱ्याचं रान, ओढा, रस्ता, सगळं एकात एक मिसळतं.

हे आपल्या आयुष्यात कुठं आलं? २०१८ साली आलं. त्या वर्षी पाऊस गेला. पूर्वी दुष्काळ ठरायचा तो पैसेवारीवर. पण केंद्र सरकारनं २०१६ साली नवी दुष्काळ संहिता काढली. तिच्यात आधी पाऊस बघायचा. मग उपग्रहाचा पीक-आकडा, जमिनीतली ओल, पाण्याचे साठे आणि पेरणी बघायची. त्यानंतर दहा टक्के गावं निवडून तिथं प्रत्यक्ष जाऊन पिकाची पाहणी करायची. ह्या पाहणीला सत्यमापन म्हणतात. पिकाचं नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर मध्यम दुष्काळ, ५० टक्क्यांच्या वर असेल तर गंभीर. ह्या रीतीनं ३१ ऑक्टोबर २०१८ ला महाराष्ट्रात १५१ तालुके जाहीर झाले. त्यातले ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. माण, आटपाडी, सांगोला हे आपल्याकडचे तालुके त्यात होते. २०२३ साली पुन्हा हीच रीत वापरली, तेव्हा ४० तालुके आले.

ही रीत चांगली आहे. पुढाऱ्याच्या वजनावर तालुका ठरण्यापेक्षा पानाच्या रंगावर ठरलेला बरा. पण उपग्रहाला काय दिसत नाही, तेही आपण ओळखून असावं.

त्याला हिरवं दिसतं. हिरवं म्हणजे दाणा नव्हे. परतीच्या चार सरी आल्या, की बांध हिरवे होतात, गाजरगवत माजतं, वेडी बाभूळ तर दुष्काळातही हिरवीगार असते. कॅनॉलच्या कडेला चार जणांचा ऊस उभा असतो. मोठ्या ठिपक्यात हे सगळं मिसळलं, की आकडा बरा दिसतो. बाजरी मात्र गोंडा न भरता वाळलेली असते. ज्वारी कमरेएवढी असते, पण कणीस पोचट. वरून ती हिरवी चादर आहे. घरात ती भाकरी नाही. आणि पावसाळ्यात ढग आडवे आले तर कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून आता ढगांतून पार बघणारे रडारचे उपग्रह आलेत. भारत आणि अमेरिका यांनी मिळून बनवलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटला, तो अशांपैकीच. पण दाणा भरला का, हे कणीस हातात धरल्याशिवाय कळत नाही.

म्हणून त्या साखळीतली शेवटची कडी, सत्यमापन, आपल्या कामाची आहे. पाहणी करणारे साहेब गावात येतात, तेव्हा शिवारफेरीला कोण जातं? पारावरची माणसं. आणि त्या वेळी बाया कुठं असतात? त्याच रानात, खुरपत किंवा वैरण काढत! कुठल्या पट्टीत उगवण फसली, कुठं दुबार पेरणी झाली, कडबा किती पेंढ्या निघेल, हे तिला विचारल्याशिवाय कागद पुरा होत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास आपल्या तालुक्यावर अशी वेळ आली आणि पाहणीला आपलं गाव निघालं, तर ग्रामसंघाच्या चार जणींनी फेरीत असायलाच हवं. आधी तलाठ्यांना सांगून ठेवायचं, ‘आम्ही येणार आहोत.’

आता जनावराकडं वळू.

आपल्या गायी-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला आहे. त्याच्यावर बारा आकडे आहेत. आपला जसा आधार, तसा तिचा हा नंबर. हा देशात दुसऱ्या कुठल्याही जनावराला नाही. त्या नंबरावर तिची जात, वय, वेत, लसीकरण, रेतन आणि मालकाचं नाव संगणकात चढवलेलं असतं.

गावोगाव एक गैरसमज आहे, तो आज काढून टाकू. ‘बिल्ला लावला की गाय कुठं आहे ते सरकारला दिसतं,’ असं पुष्कळ जणी म्हणतात. नाही दिसत. त्या बिल्ल्यात बॅटरी नाही, तार नाही, यंत्र नाही. ते प्लास्टिक आहे आणि त्यावर नंबर छापलेला आहे. कुणी समोर उभं राहून तो नंबर वाचला आणि नोंदवला, तरच कळतं की अमुक दिवशी गाय अमुक जागी होती. त्यामुळं गाय चोरीला गेली तर बिल्ला तिला शोधून देणार नाही. पण ती बाजारात विकायला आली आणि कुणी नंबर तपासला, तर ती तुमची आहे हे मात्र सिद्ध होईल.

जागेची अशी नोंद किती मोलाची असते, ते आपण दोनदा पाहिलंय. पहिल्यांदा २०१९ च्या छावण्यांत. त्या उन्हाळ्यात आपली गुरं छावणीला, आणि आपणही त्यांच्यामागं छावणीलाच. तिथं जनावरांच्या बिल्ल्यावरचा बारकोड मोबाईलनं वाचून हजेरी लागायची. कागदावरची खोटी गुरं बंद व्हावीत आणि खऱ्या गुरांचा चारा त्यांच्याच तोंडात पडावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे बघा, आकाशातून पीक मोजून दुष्काळ ठरला आणि कानातला नंबर वाचून चारा मिळाला. आजच्या विषयाची दोन्ही टोकं त्या एका उन्हाळ्यात आपल्या अंगावरून गेली आहेत.

दुसऱ्यांदा २०२२ साली, लंपीच्या साथीत. हा रोग माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत एका जनावराकडून दुसऱ्याकडं जातो. म्हणून बाजार बंद झाले, गुरांची ने-आण बंद झाली, आणि बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या टापूत लस टोचली गेली. कुठलं जनावर त्या टापूत आहे, कुठलं बाहेरून आलंय, हे माहीत असल्याशिवाय असं काम होत नाही. त्या वेळी दगावलेल्या दुभत्या गायीला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० अशी मदत सरकारनं दिली.

पुढं १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात नियम आला, की बिल्ला नसेल तर बाजारात खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, सरकारी दवाखान्याची सेवाही नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गायीच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान आलं. ते कुणाला मिळालं? ज्यांच्या गायीचा नंबर आणि बँकेचं खातं एकमेकांना जोडलेलं होतं, त्यांना. इथं जरा थांबा, मैत्रिणींनो. हा मुद्दा मी शेवटी पुन्हा घेणार आहे.

आता परदेशात काय चाललंय ते थोडक्यात. न्यूझीलंडसारख्या देशात शेकडो गायी मोकळ्या कुरणात चरतात. तिथं गायीच्या गळ्यात पट्टा असतो, त्यात यंत्र असतं. मोबाईलला जशी आपली जागा कळते, तशी त्या यंत्राला गायीची जागा कळते. संशोधकांनी ह्या जागांचा नकाशा काढला आणि त्याच्या शेजारी कुरणाच्या हिरवेपणाचा उपग्रहानं काढलेला नकाशा ठेवला. त्यातून कुठलं गवत जास्त खाल्लं गेलं, कुठलं तसंच राहिलं, कुठं जमीन उघडी पडली, हे कळू लागलं. आणखी एक गोष्ट ठळक झाली. गायी सगळीकडं सारख्या फिरत नाहीत. त्या पाण्याजवळ आणि सावलीला जास्त वेळ काढतात. जिथं वेळ काढतात तिथं शेण-मूत्र पडतं. म्हणजे झाडाखाली आणि हौदापाशी खताचा ढीग, आणि लांबच्या कोपऱ्यातली जमीन उपाशी.

इस्राएलमध्ये १९८० च्या दशकापासून गायीच्या पायाला पावलं मोजणारं यंत्र बांधतात. गाय माजावर आली की ती नेहमीपेक्षा जास्त चालते. पावलं वाढली की गोठेवाल्याला कळतं, आज भरवायची वेळ आहे.

आपली दोन गायी आणि एक म्हैस. आपल्याला हे पट्टे परवडणारे नाहीत आणि त्यांची गरजही नाही. आपली गाय दहा फुटांच्या दाव्याला असते, ती कुठं जाणार? पण त्या संशोधनातून जे कळलं, ते फुकट आहे. ते आपण घ्यायचं. त्यातल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, शेणाची. लांबच्या देशातली ती झाडाखालची गत आपल्याकडं वेगळ्या रूपात आहे. आपला उकिरडा घराजवळ. पाटी डोक्यावर कोण वाहतं? आपण. मग खत घराजवळच्या पट्टीलाच पडतं. वर्षानुवर्षं तीच पट्टी खाते आणि माळावरचं रान कोरडंच राहतं. मध्यम अंगाची गाय दिवसाला दहा ते पंधरा किलो शेण देते. गोमूत्रात तर नत्राचा मोठा हिस्सा असतो, आणि तेच आपण मातीत मुरू देतो किंवा गटारात सोडतो. गोठ्याला थोडा उतार द्या, मूत्र एका खड्ड्याकडं वळवा, त्यात पालापाचोळा टाका. आणि लांबच्या रानासाठी आपल्या भागात जुना उपाय आहेच, धनगरांची मेंढरं रानात बसवायची. चार रात्री वाडा बसला, की लेंड्या आणि मूत्र जागच्या जागी पडतं, पाटी वाहावी लागत नाही. पण बिदागी ठरवताना पुरुषच बोलतात. गटातल्या पाच-सहा जणींची रानं लागून असतील तर मिळून बोलणी करा, वाडा एका रानातून दुसऱ्या रानात सरकत जाईल.

दुसरी गोष्ट, जमिनीवरच्या चादरीची. उपग्रहाच्या चित्रात आपलं शिवार फेब्रुवारी-मार्चनंतर उघडं बोडकं दिसतं. उघडी जमीन तापते, वाऱ्यानं तिची वरची माती उडते, आणि पहिल्या वळवात उरलेली ओढ्याला जाते. पाणी असेल तिथं जनावरापुरता तुकडा राखा. लसूणघास, मका, चवळी लावा. पाणी नसेल तिथं बांधावर मारवेलीची ठोंबं लावा. ती माती धरून ठेवतं आणि पावसाळ्यात कापायला येतं. उसाचं पाचट पेटवू नका, सरीत पसरा. पाऊस पडला की पडीक तुकड्यावर ताग किंवा चवळी टाका. आणि पावसाळ्यात मका जास्त झाला तर दाण्यात चीक भरल्यावर कापून मुरघास करा. नीट दाबून, हवा न जाता बांधला तर साधारण पंचेचाळीस दिवसांत तयार होतो. उन्हाळ्यातली वैरण पावसाळ्यातच बांधून ठेवायची असते.

तिसरी गोष्ट, जीवाची. जनावर कुठं चरतंय आणि तिथं काय उगवलंय, ह्या दोन प्रश्नांची गाठ नाही पडली, तर गाय जाऊ शकते. ज्वारी काढून झाली, मध्येच एखादी सर आली, की बुडख्यांना कोवळे फुटवे येतात. पावसानं ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीतही तेच. त्यात विष असतं. आपण म्हणतो, किराळ लागली. हिरवं बघून पोर गुरं तिकडं सोडतं, आणि थोड्या वेळात जनावर धापा टाकतं, लडखडतं, आडवं होतं. तेव्हा घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा, ह्यावर इंजेक्शन असतं. आणि राखणाऱ्या पोराला रोज सकाळी सांगा, आज कुठल्या रानात जायचं आणि कुठल्या नाही.

माजाचंही एवढंच सांगते. पावलं मोजायचं यंत्र आपल्याकडं नाही, पण कॅलेंडर आहे. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते. तारखेला गोल करा. म्हशीचा माज मुका असतो, म्हणून तिची तारीख तर चुकवूच नका. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एक माज हुकला म्हणजे एकवीस दिवसांचं वैरण-पाणी फुकट गेलं.

आता तो राहिलेला मुद्दा. माझ्या मते आजचा सगळ्यात मोठा.

कानातल्या नंबरापुढं मालक म्हणून नाव कुणाचं आहे?

गटाच्या कर्जातून गाय घेतली. हप्ता गट भरतो. वैरण, पाणी, शेण, धार, डेअरीला दूध, सगळं तिचं. बिल्ला मारायला माणूस आला, तेव्हा त्यानं विचारलं, ‘मालकाचं नाव?’ ओसरीवरून जे नाव सांगितलं गेलं, ते चढलं. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण अनुदान आलं ते त्या नावाच्या खात्यावर. विमा त्या नावावर. उद्या गाय विकायची झाली, तर सही त्या नावाची. आणि घरातून बाईला बाहेर काढलं, तर गायही त्याच नावाची.

जमीन नावावर करून घेणं किती अवघड, ते आपण जाणतो. बायकोचं नाव सातबारावर लागावं म्हणून लक्ष्मी मुक्तीची योजना १९९२ पासून आहे, तरी किती सातबारे बदलले ते आपापल्या वाडीत मोजून बघा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली. पेरा कुणी का केलेला असेना, शेतात उभं राहून मोबाईलनं फोटो कुणी का काढेना, पीक चढतं ते सातबारावरच्या नावापुढं. पण जनावराला सातबारा नसतो. वारसाचा फेरफार नसतो, मोजणी नसते. आपल्या हाताला सगळ्यात आधी लागेल अशी मालमत्ता कुठली असेल, तर ती दावणीची गाय आहे. तेवढी तरी आपल्या नावावर असू द्या.

ह्यात नवऱ्याशी भांडण नाही. घरात सांगायचं, ‘कर्ज माझ्या गटाचं आहे, हप्ता माझ्या सहीनं जातो, म्हणून गायही माझ्या नावावर चढवू. अडचणीला कर्ज पुन्हा मिळायला सोपं जाईल.’ नवी गाय घेताना पहिल्याच दिवशी आपलं नाव आणि आपलं खातं सांगा. जुनी असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नाव बदलून मागा. सोबत पशुसखीला न्या.

शेवटी, ह्या महिन्याच्या बैठकीला करायची कामं. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

एक. प्रत्येकीनं आपल्या जनावरांचे बारा आकडी नंबर वहीत उतरवायचे. मोबाईलमध्ये फोटो काढायचा, त्यात तोंड आणि कानातला बिल्ला दोन्ही दिसले पाहिजेत. बिल्ला गळून पडला, कान फाटला, तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचं. विम्याची माणसं आधी कान बघतात.

दोन. नंबरापुढं नाव कुणाचं आणि खातं कुठलं, हे डॉक्टरांकडून किंवा पशुसखीकडून तपासून घ्यायचं. गटाच्या वहीत दोन रकाने करा, ‘तिच्या नावावर’ आणि ‘दुसऱ्याच्या नावावर’. दर महिन्याला बघा, पहिला रकाना वाढतोय का.

तीन. मोठ्या कागदावर शिवाराचा नकाशा काढायचा. ओढा, विहिरी, गायरान, प्रत्येकीचं रान. गुरं कुठल्या महिन्यात कुठं चरतात ते एका रंगानं, कुठलं रान कुठल्या महिन्यात उघडं असतं ते दुसऱ्या रंगानं. जिथं किराळीचा धोका, तिथं फुली. जिथं कधीच खत पोचत नाही, तिथं गोल. रांगोळी काढणाऱ्या हातांना हे अवघड नाही.

चार. तो नकाशा ग्रामसंघात ठेवायचा, आणि गरज पडेल तेव्हा तलाठी, कृषी सहायक, पशुवैद्यक यांच्यासमोर उलगडायचा. उपग्रहाचं चित्र त्यांच्याकडं असतं. त्या चित्रात जे दिसत नाही, ते आपल्या कागदावर असेल.

ज्यांच्या गटात हा नकाशा होईल, त्यांनी केंद्रावर फोन करून कळवा. आपण त्यांना ह्याच कार्यक्रमात बोलवू आणि त्यांच्याच तोंडून ऐकू. तोवर गुरांना पाणी दाखवा, तारखेला गोल करायला विसरू नका.